रजिस्टर पिशवीतच राहू द्या

*पत्र (थोडं आवरतं घेऊन) :*

*ताई, मी सोळा वर्षं अंगणवाडी सेविका आहे. गाव लहान आहे, म्हणून जिल्हा लिहीत नाही. माझ्याकडे साडेतीन वर्षांची एक मुलगी येते. दिवाळीपर्यंत छान होती, गाणी म्हणायची. आता उशिरा येते, वेणी नसते, कधी कधी अंगात कालचाच फ्रॉक. बाहुलीच्या कोपऱ्यात बसून बाहुलीवर फडकं टाकते आणि बाकीच्या मुलांना दटावते, "गप, आई झोपलीय." तिची धाकटी बहीण सात महिन्यांची आहे. तिचं वजन दोन महिने जिथल्या तिथे. आई टीएचआरची, म्हणजे घरी न्यायच्या पोषण आहाराची, पाकिटं न्यायलाही येत नाही, सासू येते. मागच्या महिन्यात वजनाच्या दिवशी आई आली, तेव्हा मी सगळ्यांसमोर बोलून गेले, "दोन पोरी सांभाळता येत नाहीत का गं तुला?" तिने मान वर केली नाही. नंतर गृहभेटीला गेले तर भर दुपारी दार लोटून अंधारात बसलेली. म्हणाली, "ताई, मला काहीच नको वाटतं." सासू म्हणते बाहेरचं आहे, नवरा म्हणतो नाटकं आहेत. यात मी काय करणार? माझं काम मुलांचं. आणि आता ती माझं तोंड तरी बघेल का?*

प्रिय ताई,

वजनाच्या दिवशी तोंडातून गेलेलं ते वाक्य तुम्हाला झोपू देत नाहीये, हे पत्र वाचताना कळलं. मला तुमच्याबद्दल बरं वाटलं ते त्याच ओळीमुळे. मी स्वतः एका वस्तीत बरीच वर्षं बालवाडी चालवली आहे. "पोराचं नाक पुसून पाठवत जा" असं मी एका आईला दारातच सुनावलं होतं. पुढे तीन आठवडे ते पोर आलंच नाही. आईने नाक पुसलं नाही, पोराला घरी ठेवलं. माझ्या हातून जे झालं तेच तुमच्या हातून होऊ नये, म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी तुमचं "माझं काम मुलांचं" हे वाक्य. २ ऑक्टोबर १९७५ला देशात ३३ प्रकल्पांपासून अंगणवाडीची ही योजना, एकात्मिक बालविकास सेवा, सुरू झाली, तेव्हापासून गरोदर आणि स्तनदा माता लाभार्थ्यांच्या यादीत आहेतच. पण नीट बघा, आपल्या रजिस्टरात बाई येते ती एकतर पोटातल्या बाळासाठी, नाहीतर अंगावरच्या दुधासाठी. त्याच्या अलीकडे-पलीकडे ती कशी आहे, याला रकाना नाही. मुळात अंगणवाडीची कल्पना निघाली तेव्हा असं नव्हतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला गेल्या, वाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर त्या आणि अनुताई वाघ मुलांच्याच अंगणात जाऊन बसल्या. अंगणात बसलं की घर दिसतं. चूल पेटली आहे की नाही ते दिसतं, ओटीवर कोण बसलंय ते दिसतं. तुम्हाला बाहुलीच्या कोपऱ्यातून एक आख्खं घर दिसलं, ते याच परंपरेतलं आहे.

आता त्या बाईकडे येऊ. माझ्या वाचनात आलेल्या तुमच्या ओळींवरून मी निदान करणार नाही, तुम्हीही करू नका. पण बाळंतपणानंतर पहिल्या दहा-पंधरा दिवसांत जे रडू येतं, मन कातर होतं, ते आपोआप ओसरतं. हे तर बाळ सात महिन्यांचं झालं तरी चाललंय. काहीच नको वाटणं, स्वतःचं न आवरणं, बाळाकडे न बघणं, अंधारात बसून राहणं, आणि हे सगळं दिवसेंदिवस. हा आळस नाही आणि नाटक तर नाहीच. बाळंतपणानंतरचं नैराश्य असं दिसू शकतं. आणि हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. भारतातल्या ३८ अभ्यासांची गोळाबेरीज २०१७मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात बाळंतिणींमध्ये याचं प्रमाण साधारण २२ टक्के निघालं. म्हणजे तुमच्याकडे आज दहा स्तनदा माता असतील, तर हिच्याशिवाय अजून एखादी असू शकते. ती कदाचित वेळेवर पाकीट घेऊन जात असेल, म्हणून तुमच्या लक्षात आली नसेल.

शेजारच्या गोव्यात झालेला एक अभ्यास २००२मध्ये छापून आला होता. तिथेही प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या बायकांपैकी २३ टक्के जणींना नैराश्य आढळलं. कशाने? गरिबी, नवऱ्याशी न पटणं, आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं. तुम्ही पत्रात त्यावर काही म्हटलं नाही, पण हिलाही दुसरी मुलगीच झाली आहे. बारशाला घरात काय वातावरण होतं, कुणी काय बोललं, ते तुम्हाला गावात राहून ठाऊक असणार. ते विसरू नका, आणि तिला विचारूही नका. वेळ आली की तीच सांगेल.

मग तुम्ही काय करायचं? पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत झालेला एक प्रयोग मी दरवेळी सांगते. तिथल्या आरोग्यसेविका तुमच्यासारख्याच घरोघरी फिरणाऱ्या, डॉक्टर नव्हेत. नैराश्य असलेल्या गरोदर बायकांकडे त्या गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळ दहा महिन्यांचं होईपर्यंत जात राहिल्या. अर्ध्या गावांत नेहमीसारख्या भेटी. अर्ध्या गावांत तेवढ्याच भेटी, पण बोलण्याची पद्धत शिकवलेली : तुझी स्वतःची तब्येत कशी आहे, बाळाशी तुझं कसं चाललंय, घरातल्यांशी कसं आहे. याच तीन गोष्टी, याच क्रमाने. २००८मध्ये निकाल छापले गेले. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा नेहमीच्या भेटींच्या गावांत ५३ टक्के आया अजून नैराश्यात होत्या, दुसऱ्या गावांत २३ टक्के. भेटींची संख्या सारखीच होती, ताई. दाराशी आलेली बाई काय विचारते, एवढाच फरक.

याच अभ्यासातली अजून एक गोष्ट लपवून ठेवणार नाही. त्या बाळांची वजनं आणि उंच्या दोन्हीकडे जवळपास सारख्याच राहिल्या. जुलाब कमी झाले, लसीकरण जास्त पूर्ण झालं, आई आणि बाप दोघंही बाळाशी जास्त खेळू लागले, पण काटा फारसा हलला नाही. तेव्हा आई बरी झाली की वजन चढेल आणि पोषण ट्रॅकर ॲपवरचा लाल रंग जाईल, अशा हिशेबाने तिच्याकडे जाऊ नका. वजनासाठी धाकटीला वेगळं बघावंच लागेल. सात महिन्यांचं बाळ म्हणजे वरचं अन्न सुरू होऊन नीट बसायला हवं. दोन महिने वजन थांबलंय, तर ते आरोग्य केंद्रात दाखवायचंच, आई बरी होण्याची वाट न बघता. पण आईकडे जायचं ते आईसाठी.

पुढच्या भेटीला रजिस्टर पिशवीतच राहू द्या. मोबाइलसुद्धा. गृहभेटीचा फोटो टाकावा लागतो हे मला माहीत आहे, तो दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरचा टाका. ही बाई त्या फोटोत नको. प्रकल्पाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचं नाव तर मुळीच नको. लहान गावात एकदा "तिला मानसिक आहे" असं झालं की ते पुसायला दोन पिढ्या जातात.

गेल्या गेल्या पहिलं वाक्य माफीचं : "त्या दिवशी चारचौघींत बोलले, माझं चुकलं." बस. "पण तू सुद्धा…" असं शेपूट जोडू नका. मग बसा. ती बोलली नाही तरी बसा. मोठीने सकाळी काय गंमत केली ते सांगा, तेही तक्रार न वाटेल असं. त्या वेण्यांचा विषय काढूच नका. पाहिजे तर उद्यापासून तुमच्या मदतनीस ताईंना सांगून अंगणवाडीत आल्या आल्या तिची वेणी घालून टाका, गाजावाजा न करता. दोन मिनिटांचं काम आहे.

दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत दोन प्रश्न विचारता येतील. गेल्या पंधरा दिवसांत कशातच मन लागत नाही, काही करावंसं वाटत नाही, असं किती वेळा झालं? उदास, खचल्यासारखं, आता पुढे काही नाही असं किती वेळा वाटलं? आशाताईंच्या फॉर्ममध्येही हे दोन प्रश्न असतात, त्यांना विचारा. उत्तर "जवळजवळ रोज" असेल तर पुढे न्यायचं. आणि तिसरा प्रश्न, जो विचारायला तुमची जीभ अडेल : "जीव नकोसा होतो का? स्वतःला किंवा बाळाला काही करावं असं मनात येतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं येतं, असं आपल्याकडे समजतात. तसं नसतं. उलट कुणीतरी विचारलं की मनावरचं ओझं उतरतं.

उत्तर "हो" आलं तर त्या क्षणापासून ती एकटी राहता कामा नये. आणि शेतकऱ्याचं घर असेल तर एक गोष्ट त्याच दिवशी करायची : फवारणीचं औषध. ते बहुधा पडवीत, नाहीतर मोरीशेजारी कोनाड्यात ठेवलेलं असतं. नवऱ्याला बाजूला घेऊन सांगा, डबा घराबाहेर, कुलपात, तिला माहीत नसेल अशा जागी. लहान पोरी आहेत घरात, हे कारण सांगितलं तरी चालेल, तेही खरंच आहे. आणि तिला कानात काही ऐकू येतंय, बाळ आपलं नाही किंवा बाळात काही शिरलंय असं ती बोलतेय, रात्र रात्र झोप नाही आणि बोलणं सैरभैर, असं दिसलं तर उद्यावर टाकू नका. ते वेगळं दुखणं आहे, तातडीचं. १०८ बोलवा आणि जिल्हा रुग्णालय गाठा.

तिथवर गोष्ट गेलेली नसेल तर वाट साधी आहे. आशाताई, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकारी, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकाकडे. आधी रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या म्हणावं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं, आणि बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडणंही नवं नाही. दोन्हींनी माणूस गळून जातं. याचा एक फायदा असा, की "रक्त तपासायला नेते" म्हटल्यावर सासू अडवत नाही. हे खोटं नाही, अर्धं खरं आहे, आणि उरलेलं अर्धं सुनेला माहीत असलं म्हणजे झालं. डॉक्टरांनी गोळी दिलीच तर बाळ अंगावर पितं हे त्यांना सांगायला लावा. दूध चालू ठेवून घेता येतील अशी औषधं आहेत. गोळी सुरू झाली की दूध तोडायचं, हे घरातल्या घरात ठरवून टाकतात, ते होऊ देऊ नका. गोळीचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, तोवर "काही फरक नाही" म्हणून ती बंद होते, त्यावर लक्ष ठेवा.

प्रवासच शक्य नसेल तर १४४१६ हा टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे. २०२२च्या १० ऑक्टोबरपासून चालू आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीतून बोलता येतं. तिच्याकडे स्वतःचा फोन नसेल. मग तुमच्या फोनवरून, तुमच्या अंगणवाडीत बसून. मुलं घरी गेल्यावर दुपारी ती खोली रिकामीच असते ना?

अजून एक भीती घरात असते, बोलत कुणी नाही : दवाखान्यात ठेवून घेतलं तर तान्हीचं काय? २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात लिहिलंय, की दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नाही. आई आजारी आहे म्हणून बाळाला धोका असेल, किंवा बाळाच्या हितासाठी तसं लागेल, तरच, आणि तेही तात्पुरतं. हे नवऱ्याला माहीत असू द्या.

सासूबाईंशी वाद घालू नका. बाहेरचं आहे म्हणतात ना, म्हणू द्या. "देवाचंही करा, दवाखान्याचंही करूया" इतकंच. मी बघितलंय, ज्या सेविका सासूला अडाणी म्हणाल्या त्यांना पुन्हा उंबरा ओलांडता आला नाही. फक्त भगताकडे नेऊन मारहाण, चटके, उपाशी ठेवणं असलं काही सुरू झालं तर तिथे गप्प बसायचं नाही, २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. सासूला काम द्या. रोज संध्याकाळी तासभर धाकटी सासूकडे, सून झोपेल. "तुमच्या हातचं नाचणीचं सत्व पोरगी खाते" म्हणा. सासूबाईंना कुणी तसं म्हटलेलं नसणार बरीच वर्षं.

नवऱ्याबद्दल मी थोडी कडक आहे. "नाटकं" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा घाबरलेला असतो, हे खरं. पण तो हात उगारत असेल तर तो समुपदेशनाचा विषय राहत नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचे संरक्षण अधिकारी तुमच्याच महिला व बालविकास विभागातले आहेत. तालुक्याला तुमची बैठक असते तिथून त्यांचं टेबल लांब नसेल.

आता अंगणवाडीत काय करता येईल ते. अमेरिकेत १९६५पासून गरीब घरातल्या मुलांसाठी हेड स्टार्ट नावाच्या बालवाड्या चालतात. बोस्टनच्या काही हेड स्टार्ट केंद्रांत आयांना एक साधी गोष्ट शिकवून बघितली : डोक्यावर दहा ओझी आहेत, त्यातलं एक उचल, त्याचे बारीक तुकडे कर, या आठवड्यात त्यातला एकच तुकडा. ज्या बायका अजून पूर्ण आजारात गेल्या नव्हत्या, त्यांची लक्षणं पुन्हा वाढण्याचे प्रसंग त्याने कमी झाले. आणि हे सगळं पोराला सोडायला येतात त्याच जागी. दवाखान्याची पायरी चढायला जी लाज वाटते, ती बालवाडीच्या दारात वाटत नाही. आपल्याकडे तर दार गावातच आहे.

तिला पालकसभेला बोलवू नका, तिथे परत उपदेशच ऐकावा लागेल. तुकडा लहान ठेवा. पहिला आठवडा : मोठीला सोडायला सासू नाही, ती येईल. उंबऱ्यापर्यंत आली तरी पुष्कळ. पुढचा आठवडा : दहा मिनिटं बसेल. बसली की हातात काहीतरी द्या, खिचडीचे तांदूळ निवडायला, चित्रांचे कागद कापायला. तिला माहेरची गाणी येत असतील, रांगोळी येत असेल, तुम्हाला ते माहीत असेल तर एखाद्या दिवशी सहज विचारा. आली नाही तर "का नाही आलीस" नाही. "उद्या बघू." आणि आली म्हणून सगळ्यांसमोर कौतुकही नको, परत सगळ्यांच्या नजरा तिच्यावर.

धाकटीसाठी एक खेळ आईला दाखवून ठेवा. बाळ आवाज काढतं, आपण तसाच काढायचा आणि थांबायचं. बाळाची पाळी. नैराश्यात चेहरा हलत नाही, आणि बाळ आईच्या चेहऱ्याकडेच बघत असतं. उत्तर आलं नाही की ते थोडा वेळ खटपट करतं, मग तोंड फिरवतं. आईला वाटतं, हिलाही मी नको. दिवसातून दोन मिनिटं, अंघोळीच्या वेळी, तेलाचा हात लावताना. त्याहून जास्त मागू नका. जमेल त्या दिवशी.

आणि तुमची ती बाहुलीवाली. तिचा खेळ मोडू नका, "आई अशी झोपते का गं?" असं खोदूनही विचारू नका. शेजारी बसा, तुम्हीही बाहुलीवर फडकं सरळ करा. तिला एवढंच सांगा : आईला बरं नाहीये, ती औषध घेणार आहे, आणि हे तुझ्यामुळे झालेलं नाही. साडेतीन वर्षांचं मूल हे स्वतःवरच घेतं. "गप" म्हणताना ते घर सांभाळत असतं. अंगणवाडीत तिला तासभर तरी मोठ्याने ओरडता येऊ दे.

मला माहीत आहे, तुम्ही हे वाचताना मनात म्हणत असाल की अजून एक काम आलं. सर्वेक्षण, मतदार याद्या, ॲप, लसीकरण, सगळं तुमच्याच डोक्यावर आणि हातात मानधन. २०२३च्या डिसेंबरात राज्यभरच्या सेविका संपावर गेल्या ते काही उगाच नाही. म्हणून सांगते, हे एकटीने करू नका. मुख्यसेविकेला नाव न सांगता विचारा, की मानसिक आरोग्यावर एक दिवसाचं प्रशिक्षण मिळेल का. आशाताईंशी वाटून घ्या, एक आठवडा तुम्ही, एक त्या. आणि तिचं ऐकून घरी आल्यावर तुमचंच मन जड झालं, तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

ती तुमचं तोंड बघेल का, असं विचारलंत. "ताई, मला काहीच नको वाटतं" हे तिने घरात कुणाला सांगितलेलं दिसत नाही. तुम्हाला सांगितलं, आणि तेही वजनाच्या दिवशीच्या त्या बोलण्यानंतर. जा. सासूबाई रानात गेल्या की, साधारण दोनच्या सुमारास. दार लोटलेलं असेल, हाक मारून मगच आत जा.